प्रीमियर ऑटोमोबाइल्स

प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड ही मुंबईतील कुर्ला येथे कारखाना असलेली भारतीय मोटारनिर्मिती कंपनी होती. उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी इ.स. १९४४ मध्ये तिची स्थापना केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी झालेल्या करारानुसार प्रथम डॉज, प्लिमथ, डिसोटो व फार्गो या नावांच्या मोटारी आणि मालमोटारी, तर इटलीतील फियाट कंपनीशी झालेल्या करारानंतर फियाटच्या छोट्या मोटारी येथे तयार झाल्या. 'प्रीमियर पद्मिनी' ही कंपनीची सर्वांत प्रसिद्ध मोटार होय. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती सुमारे पाच दशके मुंबईच्या रस्त्यांची ओळख बनून राहिली. हिंदुस्तान मोटर्सबरोबरच प्रीमियरची गणना भारतातील आद्य मोटार उत्पादकांमध्ये होते.

पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात आलेल्या मोटारी पूर्णपणे आयात केलेल्या असत. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकी मोटारींची मागणी वाढली. या मोटारी तुलनेने स्वस्त व दणकट होत्या आणि कच्च्या रस्त्यांवरही टिकत. वाढती मागणी पाहून जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९२८ मध्ये मुंबईतील शिवडी येथे जुळणीचा कारखाना सुरू केला. फोर्डनेही भारतात जुळणीची व्यवस्था उभी केली.

जुळणी आणि निर्मिती यांतील फरक या उद्योगाचा इतिहास समजण्यासाठी महत्त्वाचा आहे. जुळणीच्या कारखान्यात इंजिन, गिअर, आस, चासी व पत्र्याचे भाग परदेशातून खोक्यांत येतात. येथे ते जोडले जातात, रंगवले जातात आणि मोटार विक्रीला निघते. यातून काही कामगारांना रोजगार मिळतो व जहाजभाडे वाचते. मात्र ओतकाम, घडाई, यंत्रकाम आणि पत्रा दाबण्याचे साचे बनवणे ही खरी तांत्रिक कौशल्ये मूळ देशातच राहतात. 'भारतात मोटार तयार व्हावी' या मागणीचा रोख या कौशल्यांवर होता.

मोटार उद्योगाची योजना

या मागणीचा सर्वांत सातत्याने पाठपुरावा करणारे अभियंता म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेले आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत अनेक वर्षे काढलेले विश्वेश्वरय्या पुढे म्हैसूर संस्थानाचे दिवाण झाले. १९३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी युरोप व अमेरिकेतील मोटार कारखाने पाहिले आणि भारतात असा कारखाना काढण्याची योजना आखली. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ सत्तेवर आले. या मंत्रिमंडळाने योजनेला साहाय्य देण्याची तयारी दाखवली.

योजनेला भांडवल व चालना देणारा उद्योजक वालचंद हिराचंद यांच्या रूपाने मिळाला. सोलापूर येथे १८८२ मध्ये जन्मलेले वालचंद रेल्वेच्या बांधकामांच्या ठेक्यांतून पुढे आले होते. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी, बांधकाम व्यवसाय आणि वालचंदनगर व रावळगाव येथील साखर उद्योग त्यांच्या नावाशी जोडलेले होते. जहाज, विमान आणि मोटार ही वाहतुकीची तिन्ही साधने देशात तयार झाली पाहिजेत, असे त्यांचे मत होते.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. तेथे त्यांनी प्रथम फोर्ड कंपनीशी बोलणी केली. फोर्डच्या व्यवस्थेत भारताची बाजारपेठ कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होती आणि तिच्या संमतीअभावी बोलणी फिसकटली. त्यानंतर क्रायस्लर कंपनीने तांत्रिक साहाय्य देण्याचे मान्य केले. याच प्रवासात विमान व्यवसायातील अमेरिकी उद्योजक विल्यम पॉली यांच्याशी वालचंदांचा परिचय झाला आणि त्यातून डिसेंबर १९४० मध्ये बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली.

वर्धा व सेवाग्राम येथील भूमिका

मोटार कारखान्याची योजना आकाराला येत होती, त्याच काळात उद्योगाविषयीचा एक वेगळा विचार वर्धा येथे मांडला जात होता. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते आणि जे. सी. कुमारप्पा हे त्याचे प्रमुख संघटक होते. एप्रिल १९३६ मध्ये महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या शेगाव या खेड्यात राहण्यास आले. पुढे या गावाला सेवाग्राम हे नाव मिळाले. गांधीजींचा विरोध सरसकट सर्व यंत्रांना नव्हता. कोट्यवधी हात रिकामे असताना श्रम वाचवणाऱ्या यंत्रांचा हव्यास धरणे आणि त्यांतून मिळणारी संपत्ती थोड्यांच्या हाती एकवटणे, याला तो होता.

हे दोन्ही विचार काँग्रेसच्या व्यासपीठावर समोरासमोर आले. ऑक्टोबर १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या पुढाकाराने दिल्ली येथे प्रांतांच्या उद्योगमंत्र्यांची परिषद भरली. परिषदेने तातडीने हाती घ्यावयाच्या मोठ्या उद्योगांमध्ये मोटारनिर्मितीचा समावेश केला. त्यानंतर जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय नियोजन समिती नेमण्यात आली. विश्वेश्वरय्या, वालचंद हिराचंद आणि कुमारप्पा हे तिघेही या समितीचे सदस्य होते. समितीचा कल मोठ्या उद्योगांकडे असल्याचे पाहून कुमारप्पा काही काळातच तिच्यापासून दूर झाले.

मोटार युगाचे प्रतीक मानल्या जाणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्याशी सेवाग्रामचा एक निराळा संबंध आला. फोर्ड यांच्या युद्धविरोधी भूमिकेविषयी आदर व्यक्त करणारे पत्र गांधीजींनी जुलै १९४१ मध्ये त्यांना लिहिले. पत्रकार टी. ए. रामन यांच्यामार्फत फोर्ड यांना गांधीजींची स्वाक्षरी असलेला चरखा डिसेंबर १९४१ मध्ये भेट देण्यात आला. हा चरखा डिअरबॉर्न येथील फोर्ड यांच्या नावाच्या संग्रहालयात आहे. ज्या उद्योगपतीच्या कंपनीशी भारतीय मोटारीची बोलणी निष्फळ ठरली, त्याच्याकडे भारतातून अखेर चरखा गेला.

युद्धकाळ आणि स्थापना

सप्टेंबर १९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्यानंतर काही आठवड्यांतच काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई सरकारचा आधार त्यामुळे गेला. म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूर येथे कारखाना काढण्याचा प्रयत्नही ब्रिटिश भारत सरकारच्या विरोधामुळे थांबला. युद्धकार्यासाठी मोटारींची गरज असताना हा कारखाना मात्र युद्धोपयोगी मानण्यास सरकार तयार नव्हते. अशी मान्यता नसल्याने यंत्रसामग्री आणण्यासाठी लागणारे परकीय चलन व जहाजांतील जागा मिळणे अशक्य झाले. भारतीय राष्ट्रवादी वर्तुळात या नकाराकडे ब्रिटिश उद्योगांच्या हितरक्षणाचे उदाहरण म्हणून पाहिले गेले.

युद्धाचा शेवट दृष्टिपथात आल्यावर १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची नोंदणी झाली. कारखान्यासाठी मुंबईच्या त्या वेळच्या सीमेवरील कुर्ला भागात, आग्रा रस्त्यालगत जागा निवडण्यात आली. तत्पूर्वी १९४२ मध्ये बिर्ला समूहाने हिंदुस्तान मोटर्सची स्थापना केली होती. १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या वर्षीच, कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. वालचंद हिराचंद यांचे १९५३ मध्ये निधन झाले. त्यानंतर कंपनीची धुरा त्यांच्या कुटुंबीयांकडे राहिली. पुढील पिढीतील विनोद दोशी हे दीर्घकाळ कंपनीचे अध्यक्ष होते. नाट्यकलेचे आश्रयदाते म्हणूनही ते महाराष्ट्रात परिचित होते.

जुळणीपासून निर्मितीकडे

आरंभी कुर्ल्यातही जुळणीच होत असे. क्रायस्लरकडून आलेल्या भागांपासून मोठ्या अमेरिकी मोटारी आणि मालमोटारी तयार केल्या जात. एकाच बांधणीची मालमोटार डॉज, फार्गो व डिसोटो अशा वेगवेगळ्या नावांनी विकली जाई, कारण प्रत्येक नावाचे विक्रेते स्वतंत्र होते.

स्वतंत्र भारताच्या सरकारने परदेशी मोटारींवर मोठे आयातशुल्क बसवले. जकात आयोगाच्या १९५३ च्या अहवालानंतर, ज्यांच्याकडे भारतातच टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांना व्यवसाय चालू ठेवता येईल, असे धोरण ठरले. भारतीय बाजारपेठ लहान असल्याने एवढी गुंतवणूक करणे जनरल मोटर्स व फोर्ड यांना परवडणारे वाटले नाही आणि त्यांनी येथील जुळणी बंद केली. १९३९ मध्ये जे क्षेत्र अमेरिकी कंपन्यांच्या ताब्यात होते, ते अशा रीतीने भारतीय कंपन्यांना मोकळे झाले.

या धोरणाचा प्रीमियरला लाभ झाला, तशी जबाबदारीही आली. इंजिनाचे ओतीव भाग, गिअर, आस, स्प्रिंग, रेडिएटर असा एकेक भाग देशात बनवावा लागला. जे भाग कारखान्यात होत नसत, ते लहान कारखानदारांकडून घेतले जात. मुंबई व पुणे परिसरात सुटे भाग बनवणाऱ्या उद्योगाची जी वाढ झाली, तिला अशा मागणीचा आधार मिळाला.

मालमोटारींच्या क्षेत्रात मात्र टाटांनी १९५४ पासून मर्सिडीज-बेंझच्या सहकार्याने डिझेल वाहने आणल्यावर स्पर्धा तीव्र झाली. मोठ्या अमेरिकी मोटारींनाही पेट्रोल अधिक लागत असल्याने मर्यादित ग्राहक होता. कंपनीचे भवितव्य त्यामुळे छोट्या मोटारीवर अवलंबून राहिले.

फियाट ११०० ते प्रीमियर पद्मिनी

१९५० च्या दशकाच्या आरंभी कंपनीने फियाटशी करार केला. प्रथम 'फियाट ५००' या लहान मोटारीची जुळणी झाली आणि १९५४ पासून 'फियाट ११००' येऊ लागली. पुढे आलेल्या नाकाडासारख्या बॉनेटमुळे या जुन्या गाडीला मुंबईत 'डुक्कर फियाट' असे नाव पडले. तिच्या पुढच्या दारांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूस असल्याने दारे उलट्या दिशेने उघडत.

१९६४ मध्ये 'फियाट ११०० डिलाइट' हे नवे रूप आले. इटलीतील फियाट ११०० डी या मोटारीवर ते आधारलेले होते. सरळ रेषांची चौकोनी बांधणी, १,०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन, मागील चाकांना मिळणारी गती आणि स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला गिअर ही तिची वैशिष्ट्ये होती. हीच मोटार १९७० च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर प्रेसिडेंट' व १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नावावरून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. नाव बदलले तरी लोकांच्या बोलण्यात ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. इटलीत या मालिकेचे उत्पादन १९६० च्या दशकातच थांबले. कुर्ल्यात मात्र तिचा मूळ आराखडा फारशा बदलांशिवाय त्यानंतर तीन दशके चालू राहिला.

परवाना पद्धती आणि ग्राहक

१९६० व १९७० च्या दशकांत भारतात प्रवासी मोटारींचे प्रमुख उत्पादक तीनच होते: कोलकात्याजवळ हिंदुस्तान मोटर्स, मुंबईत प्रीमियर आणि चेन्नईत स्टँडर्ड. किती मोटारी बनवायच्या हे सरकारी परवान्यावर ठरे. परदेशी तंत्रज्ञान व यंत्रे आणण्यासही परवानगी लागे. मोटार ही चैनीची वस्तू मानली गेल्याने परकीय चलनाच्या वाटपात तिचा क्रम मागे होता.

पुरवठा कमी व मागणी अधिक असल्याने ग्राहकांना नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे. नवी मोटार हाती येताच ती अधिक दराने विकता येई. किमतींवरही सरकारचे नियंत्रण होते. नियंत्रित दर परवडत नाही अशी उत्पादकांची तक्रार होती, तर पैसे मोजूनही दर्जा मिळत नाही अशी ग्राहकांची. योग्य किंमत कोणती, हा वाद १९७० च्या दशकाच्या आरंभी 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध भारत सरकार' या खटल्याद्वारे सर्वोच्च न्यायालयातही गेला.

जे संरक्षण कंपनीच्या जन्मास आवश्यक ठरले होते, तेच पुढे नवा आराखडा आणण्याची निकड कमी करणारे ठरले. जी गाडी बाजारात येण्यापूर्वीच विकली गेलेली असे, ती बदलण्यासाठी मोठा खर्च करण्याचे व्यावसायिक कारण उरत नव्हते.

मुंबईची टॅक्सी

कोलकात्यात अँबेसेडर, तर मुंबईत फियाट, अशी टॅक्सींची विभागणी झाली. अँबेसेडरच्या तुलनेत लहान आकार आणि कमी इंधनखर्च यांमुळे गर्दीच्या मुंबईत फियाट सोयीची ठरली. काळे अंग, पिवळे छत, छतावर सामानाचा कठडा आणि डाव्या बाजूस बाहेर बसवलेला यांत्रिक मीटर असे तिचे रूप रूढ झाले. रचना साधी असल्याने जवळपास कोणताही मिस्त्री ती दुरुस्त करू शकत असे आणि सुटे भाग सर्वत्र मिळत. अनेक चालकांनी याच गाडीवर कुटुंबाचा चरितार्थ चालवला. २००० च्या सुमारास हवेच्या प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर जुन्या टॅक्सी मोठ्या प्रमाणात सीएनजी इंधनावर आल्या.

कामगार चळवळ

कुर्ल्याचा कारखाना मुंबईतील अभियांत्रिकी उद्योगाच्या कामगार चळवळीचे एक केंद्र होता. येथे एकाहून अधिक संघटना कार्यरत होत्या आणि त्यांच्यात तीव्र स्पर्धा होती. प्रोत्साहन वेतनाबाबतच्या करारावरून निर्माण झालेला 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स विरुद्ध कमलेकर शांताराम वाडके' हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. औद्योगिक विवादात दिवाणी न्यायालयाला अधिकार केव्हा असतो व केव्हा नसतो, याची तत्त्वे न्यायालयाने १९७५ मध्ये या निकालात मांडली. केवळ औद्योगिक विवाद कायद्याने निर्माण केलेला हक्क असेल, तर दाद त्याच कायद्यातील यंत्रणेकडे मागावी लागते, हे त्यांतील महत्त्वाचे तत्त्व होय. कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमात हा निकाल आजही शिकवला जातो.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कामगार नेते दत्ता सामंत यांचा येथील कामगारांवर मोठा प्रभाव होता. वेतनवाढीचे करार हे त्यांच्या लढ्यांचे फलित होते. जानेवारी १९९७ मध्ये पवई येथे सामंत यांची हत्या झाली.

स्पर्धा आणि अखेर

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती उद्योगाची 'मारुती ८००' बाजारात आली. जपानी तंत्रज्ञानाची ही मोटार हलकी होती आणि तिला इंधनही कमी लागे. प्रीमियरने १९८५ मध्ये '११८ एनई' ही मोटार आणली. तिची बांधणी फियाट १२४ या मोटारीवर, तर इंजिन जपानच्या निस्सान कंपनीच्या आराखड्यावर आधारलेले होते. पुढे पद्मिनीची डिझेल आवृत्तीही आली. तथापि मारुतीशी बरोबरी करणे शक्य झाले नाही.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर कंपनीने दोन परदेशी भागीदार मिळवले. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीसह 'प्यूजो ३०९' ही मोटार कल्याण-डोंबिवली भागातील कारखान्यात तयार होऊ लागली, तर फियाटबरोबरच्या संयुक्त कंपनीतर्फे कुर्ल्यात 'फियाट उनो' आली. दोन्ही मोटारींना आगाऊ नोंदणीचा चांगला प्रतिसाद मिळाला. परंतु कामगार विवाद व पुरवठ्यातील अडचणींमुळे मोटारी वेळेत देता आल्या नाहीत. प्यूजोने काही वर्षांतच भागीदारी सोडली आणि भरलेली रक्कम परत मिळवण्यासाठी अनेक नोंदणीदारांना ग्राहक न्यायालयात दाद मागावी लागली. कुर्ल्याच्या कारखान्याचे नियंत्रण फियाटकडे गेले. पुढे फियाटने आपले काम पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे हलवले.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. 'प्रीमियर लिमिटेड' या नावाने कंपनी पुण्याजवळ चिंचवड येथे यंत्रनिर्मिती करत राहिली. २००९ मध्ये तिने 'रिओ' हे लहान वाहन आणून पुनरागमनाचा प्रयत्न केला, पण तो यशस्वी झाला नाही.

वारसा

मुंबईत टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा लागू आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव येथे २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. ही मुदत पूर्ण झाल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. एखादी तरी टॅक्सी संग्रहालयात जतन करावी, अशी मागणी त्या वेळी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली. खासगी मालकांनी जपलेल्या पद्मिनी व डुक्कर फियाट जुन्या मोटारींच्या संचलनांत आढळतात.

प्रीमियरच्या इतिहासाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. परकीय सत्तेच्या नकाराला तोंड देऊन उभा राहिलेला आणि देशात मोटारीचे भाग बनवण्याचे कौशल्य रुजवणारा उद्योग, ही एक दृष्टी होय. संरक्षित बाजारपेठेत एकच आराखडा दशकानुदशके चालवणारी आणि खुल्या स्पर्धेत न टिकलेली कंपनी, ही दुसरी. मोटारीचा आराखडा शेवटपर्यंत परदेशी राहिला, हे खरे आहे. तथापि ती घडवणारे कामगार, तिचे भाग बनवणारे लघुउद्योजक आणि ती चालती ठेवणारे मिस्त्री हे येथेच तयार झाले. १९३० च्या दशकात मागणी होती ती याच कौशल्याची.